पुण्यभू, वहिवाट आणि संहितेचे वाचन

१

इ. स. १९२३ मध्ये नागपुरातून वि. वि. केळकर यांनी 'हिंदुत्व' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ते विनायक दामोदर सावरकर त्या वेळी बंदिवासात असल्यामुळे ग्रंथावर त्यांच्या नावाऐवजी 'एक मराठा' असे टोपणनाव छापण्यात आले. या ग्रंथाने 'पितृभू' आणि 'पुण्यभू' ही दोन पदे भारतीय वैचारिक व्यवहारात रूढ केली. ज्या समाजाची पूर्वजांची भूमी आणि ज्याच्या धर्माची उगमभूमी एकच असते त्या समाजाचे ऐक्य परिपूर्ण होण्याची शक्यता सर्वाधिक, असे हे प्रमेय आहे. त्याचे विवेचन करताना सावरकर पॅलेस्टाइनचा उल्लेख करतात, ही गोष्ट मराठी समीक्षेने फारशी लक्षात घेतलेली नाही. ज्यूंना तेथे आपले राज्य उभारता आले तर असे एकरूपत्व त्यांनाही लाभेल आणि त्याचा आनंद हिंदूंना जवळजवळ ज्यूंइतकाच होईल, असे ते म्हणतात. तेथेच ते दुसरी गोष्ट सुचवितात. असे राज्य निर्माण झाल्यास अन्य देशांत राहणारे ज्यू आपल्या निवासभूमीपेक्षा पुण्यभूच्या हिताला स्वाभाविकपणे अधिक महत्त्व देतील.

या दोन विधानांत ताण आहे. पहिले विधान पुण्यभूकडे परतणाऱ्याचे अभिनंदन करते, तर दुसरे अद्याप न परतलेल्याविषयी संशय व्यक्त करते. कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल या दोहोंच्या मधोमध उभे राहतात. तथापि या प्रमेयातील अधिक मूलगामी अडचण निराळीच आहे. पितृभू आणि पुण्यभू ही दोन्ही पदे माणूस व भूमी यांचा संबंध स्मृतीच्या आणि संहितेच्या आधारे निश्चित करतात. त्या भूमीवर प्रत्यक्ष कोण राहतो, कोण ती कसतो, कोणाच्या विहिरी व कोणाची झाडे तिच्यावर आहेत, याचा बोध करून देणारे पद या जोडीत नाही. महसुली मराठीत मात्र असा शब्द आहे. तो म्हणजे 'वहिवाट'.

पुण्यभू आणि वहिवाट परस्परांसमोर उभ्या ठाकल्या म्हणजे काय घडते, याचे आधुनिक काळातील सर्वांत तीव्र उदाहरण म्हणून १९६७ नंतर जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशात स्थापन झालेल्या धार्मिक ज्यू वसाहतींकडे पाहावे लागते. राजकारण, युद्धनीती आणि आंतरराष्ट्रीय कायदा या अंगांनी त्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. साहित्यविचाराच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. या वसाहतींच्या मुळाशी एका विशिष्ट पद्धतीने केलेले संहितेचे वाचन आहे. त्या वाचनाची चिकित्सा करणे आणि मराठीत उपलब्ध असलेल्या अन्य एका वाचनपरंपरेशी त्याची तुलना करणे, हा या विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रारंभी वस्तुस्थितीची रूपरेषा पाहणे अवश्य आहे. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने पूर्व यरुशलेमसह पश्चिम किनारा, गाझापट्टी, सिनाई आणि गोलान हे प्रदेश जिंकले. त्यांपैकी पश्चिम किनाऱ्याला वसाहतवादी चळवळ 'यहूदा आणि शोमरोन' या बायबलमधील नावांनीच संबोधते व इस्रायलच्या शासनव्यवहारातही तीच नावे रूढ झाली. इस्रायलची सरकारे या प्रदेशाला 'विवादित' म्हणत आली आहेत. संयुक्त राष्ट्रसंघ त्याला 'व्याप्त' म्हणतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२४ मधील सल्लामतात तेथील इस्रायलचे अस्तित्व बेकायदेशीर ठरविले. एकाच भूभागाची ही भिन्न नावे म्हणजे मुळात त्याची भिन्न वाचनेच आहेत. नाव स्वीकारताक्षणी वाचकाने बाजू घेतलेली असते.

वसाहतींत राहणारे सर्व जण धार्मिक प्रेरणेने आलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावयास हवे. पूर्व यरुशलेम वगळता पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतींची लोकसंख्या २०२० नंतरच्या वर्षांत पाच लाखांच्या आसपास पोहोचली. तीत स्वस्त घरांसाठी आलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. मोदीइन इल्लित आणि बेतार इल्लित यांसारखी हरेदी पंथीयांची मोठी गावेही प्रामुख्याने घरांच्या गरजेतून वाढली. येथे विचार करावयाचा आहे तो राष्ट्रवादी धार्मिक प्रवाहाचा. संख्येने तो एक भागच असला तरी या साऱ्या उपक्रमाला अर्थ पुरविण्याचे कार्य त्याने केले आहे.

या प्रवाहाचे वैचारिक मूळ रब्बी अब्राहम यित्सहाक कूक (१८६५–१९३५) यांच्या चिंतनात आहे. धर्म न मानणारे ज्यू शेतकरी आणि कामगार पॅलेस्टाइनात वसाहती उभारत होते, तेव्हा बहुतेक सनातनी रब्बी त्यांच्याकडे संशयाने पाहत. कूक यांनी त्यांच्या श्रमांत मुक्तीच्या प्रारंभाची खूण पाहिली. कर्त्याला ठाऊक नसलेला अर्थ त्याच्या कृतीतून वाचणे, ही त्यांची पद्धत होती. त्यांचे पुत्र त्स्वी येहूदा कूक (१८९१–१९८२) यांनी ही पद्धत अधिक काटेकोर व अधिक राजकीय केली. मे १९६७ मध्ये, युद्धाच्या सुमारे तीन आठवडे आधी, यरुशलेममधील 'मेर्काझ हाराव' या धर्मविद्यालयात दिलेल्या प्रवचनात त्यांनी हेब्रोन, शेखेम (नाब्लुस) आणि यरीहो ही स्थळे हातून गेल्याबद्दल शोक व्यक्त केला होता. युद्धानंतर ती स्थळे इस्रायलच्या ताब्यात आली, तेव्हा त्या प्रवचनाला त्यांच्या शिष्यांच्या दृष्टीने भविष्यवाणीचे स्वरूप प्राप्त झाले. घटनेने संहितेची सत्यता सिद्ध केली आणि संहितेने घटनेला पावित्र्य दिले. हे वर्तुळ एकदा पूर्ण झाले की बाहेरून आलेला कोणताही आक्षेप त्याच्यात शिरू शकत नाही.

सप्टेंबर १९६७ मध्ये कफार एत्सियोन पुन्हा वसविण्यात आले. ते गाव १९४८ च्या युद्धात उद्ध्वस्त झाले होते आणि परतणाऱ्यांत तेथील मूळ रहिवाशांची मुले होती. त्यांच्या दाव्यात संहितेइतकीच जिवंत स्मृतीही होती. १९६८ च्या वल्हांडण सणाला रब्बी मोशे लेव्हिंगर यांच्या नेतृत्वाखाली एक गट हेब्रोनमधील हॉटेलात उतरला आणि परत जाण्यास त्याने नकार दिला. त्यातून पुढे किर्यात अर्बा ही वसाहत उभी राहिली. १९७४ मध्ये 'गुश एमुनीम' म्हणजे 'श्रद्धावंतांचा गट' ही चळवळ स्थापन झाली आणि पुढील वर्षी ओफ्रा वसले. तेथून डोंगरमाथ्यांवरील वसाहतींची मालिका सुरू झाली.

३

या वसाहतकाऱ्यांचे वाचन अडाणी अथवा बनावट ठरवून निकालात काढणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. त्याला ज्यू भाष्यपरंपरेत भक्कम आधार आहे. अकराव्या शतकातील फ्रेंच भाष्यकार राशी यांचे उत्पत्तीच्या पहिल्याच वचनावरील भाष्य या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. धर्मशास्त्राचा ग्रंथ आज्ञांपासून सुरू न होता विश्वाच्या निर्मितीपासून का सुरू होतो, असा प्रश्न राशी उपस्थित करतात. त्यांच्या उत्तराचा आशय असा : इतर राष्ट्रांनी इस्रायलवर भूमी लुबाडल्याचा आरोप केला, तर सर्व पृथ्वी ईश्वराची आहे आणि तो आपल्या इच्छेनुसार ती देतो वा काढून घेतो, असे सांगता यावे म्हणून. या भाष्यात आरोपाची जाणीव आधीच आहे, हे विशेष. भूमी कोणाची तरी होती, हे राशी नाकारीत नाहीत.

दुसरा आधार तेराव्या शतकातील नाहमानिदेस यांचा. 'गणना' या ग्रंथातील भूमी ताब्यात घेऊन तेथे राहण्यासंबंधीचे वचन ही सर्व पिढ्यांवर बंधनकारक अशी आज्ञा असून ती भूमी अन्य राष्ट्रांच्या हाती राहू देऊ नये, असे त्यांचे मत होते. त्यांच्यापूर्वीचे थोर आचार्य मैमोनिदेस यांनी सहाशे तेरा आज्ञांची गणना केली, तेव्हा तीत ही आज्ञा स्वतंत्रपणे घातली नाही. नाहमानिदेस यांना ही उणीव वाटली. एका उत्तरकालीन भाष्यकाराने मैमोनिदेस यांचा पक्ष घेऊन असे प्रतिपादन केले की, निर्वासनाच्या काळात ती आज्ञा लागूच नसल्यामुळे तिची गणना केलेली नाही.

या वादाचे स्वरूप मराठी वाचकाला मीमांसेच्या परिभाषेतून चटकन उमगावे. वेदवाक्यांची वर्गवारी करताना मीमांसकांनी विधी आणि अर्थवाद असा भेद केला. विधी कर्तव्याची आज्ञा देतो. अर्थवाद स्तुती करतो, कथा सांगतो, कारण देतो. त्याला विधीशी जोडून घेतल्याखेरीज स्वतंत्र प्रामाण्य नसते. अब्राहमला दिलेले भूमीचे वचन, त्याच्या वंशजांची कथा आणि सीमांची वर्णने यांना विधी मानावयाचे की अर्थवाद, हाच खरा वाद आहे. विधी मानले तरी मीमांसक आणखी एक प्रश्न विचारील : या विधीचा अधिकारी कोण आणि तो केव्हा आचरावयाचा? तालमूदमधील 'केतुबोत' या प्रकरणात तीन शपथांची कथा येते. इस्रायलने बळाने सामूहिकरीत्या त्या भूमीकडे चढाई करू नये, ही त्यांपैकी एक. सातमार पंथाचे रब्बी योएल टायटेलबाउम यांनी याच उताऱ्याच्या आधारे ज्यू राज्याच्या कल्पनेलाच विरोध केला. गुश एमुनीमच्या पंडितांनी त्याच उताऱ्याला केवळ आख्यान ठरवून बाजूला ठेवले. एकाने ज्याला विधी म्हटले त्यालाच दुसऱ्याने अर्थवाद म्हटले. संहिता दोघांची एकच होती.

पूर्णतः धर्मनिष्ठ जीवन जगणारे तत्त्वज्ञ यशयाहू लाइबोविट्झ (१९०३–१९९४) यांनी १९६७ पासूनच व्याप्त प्रदेश ठेवण्यास विरोध केला. त्यांचा आक्षेप राजकीय होता तितकाच धार्मिकही होता. पावित्र्य ईश्वराचे असते; माती, दगड वा राज्य यांना ते चिकटविणे ही मूर्तिपूजाच होय, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे वसाहतींचा वाद धार्मिक आणि निधर्मी यांच्यातील आहे, असे मानण्याचा सोपा मार्ग उरत नाही. तो श्रद्धेच्या आतला वाद आहे.

संहितेतील एक कथा या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सारा हेब्रोनमध्ये मरण पावते. अब्राहमला तिच्या दफनासाठी जागा हवी आहे. या भूमीचे वचन त्याला ईश्वराने पूर्वीच दिलेले आहे. तरीही तो तेथील हित्ती लोकांसमोर वचनाचा उच्चार करीत नाही. आपण परका आणि उपरा रहिवासी आहोत, असे सांगून तो विनंती करतो. एफ्रोन जागा तशीच देऊ करतो. अब्राहम ती फुकट घेण्याचे नाकारतो. अखेर चारशे शेकेल चांदी सर्वांदेखत तोलून दिली जाते. शेत, त्यातील गुहा, हद्दीवरील झाडे यांची नोंद कथेत एखाद्या खरेदीखतासारखी येते.

हेब्रोनमधील वसाहतकारी या कथेला आपल्या हक्काचा सर्वांत जुना पुरावा मानतात. गावाच्या वेशीत व्यवहार झाला, साक्षीदार होते, किंमत चुकती झाली. परंतु कथा काळजीपूर्वक वाचली असता तिचा रोख वेगळा दिसतो. ईश्वरी वचन हाती असतानाही वहिवाटदाराची संमती आवश्यक आहे, असे ही कथा मानते. तिच्यात पुण्यभू वहिवाटीपुढे वाकते. याच मकपेलाच्या गुहेवरील वास्तू ज्यू आणि मुसलमान दोघांनाही पवित्र आहे. १९२९ मध्ये हेब्रोनमधील ६७ ज्यू मारले गेले. फेब्रुवारी १९९४ मध्ये किर्यात अर्बाच्या एका रहिवाशाने याच वास्तूत नमाज पढणाऱ्या २९ जणांना ठार केले. खरेदीची कथा जेथे घडली, तेथेच वाचनाचे हे दोन्ही भीषण शेवट झाले.

४

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सातबारा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यातील गावनमुना सात जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. गावनमुना बारा तीत कोणते पीक आहे ते नोंदवितो. एक हक्काचा कागद आहे, दुसरा कसण्याचा. दोन्ही एका उताऱ्यावर येतात, कारण एकावाचून दुसऱ्याचा अर्थ अपुरा राहतो. धार्मिक वसाहतींच्या वाचनात 'सात' आहे. 'बारा' दुसऱ्याचा आहे.

हा विसंवाद १९७९ मध्ये न्यायालयात उघड झाला. नाब्लुसजवळील एलोन मोरे या वसाहतीसाठी रुजैब गावातील खाजगी जमीन लष्करी गरजेच्या नावाखाली घेण्यात आली होती. जमीनमालक इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. वसाहतकाऱ्यांच्या वतीने सादर झालेल्या प्रतिज्ञापत्रात आपण सुरक्षेसाठी येथे आलेलो नसून ईश्वरी आज्ञेमुळे आलो आहोत, असे स्पष्ट म्हटले होते. या प्रामाणिकपणानेच त्यांचा दावा कमकुवत केला. लष्करी गरज हे खरे कारण नसल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि वसाहत त्या जागेवरून हलवावी लागली. धर्मसंहितेच्या वाचनाला कायद्याच्या संहितेने उत्तर दिले.

परंतु त्यानंतर शासनाने दुसऱ्याच कायद्याचा आधार घेतला. १८५८ च्या ओटोमन भूमिकायद्यानुसार काही प्रकारच्या जमिनी सलग तीन वर्षे पडीक राहिल्यास राज्याकडे जात. या तरतुदीच्या आधारे १९८० नंतर मोठे क्षेत्र राज्याची जमीन म्हणून जाहीर करण्यात आले. आता लढाई 'बारा'च्या रकान्यातच सुरू झाली. डोंगरउताराचा तुकडा कसलेला आहे की नाही, जैतुनाची झाडे किती जुनी आहेत, यांवर मालकी ठरू लागली. पॅलेस्टिनी वकील व लेखक राजा शेहादे यांच्या 'पॅलेस्टिनियन वॉक्स' (२००७) या पुस्तकाचे बळ येथेच आहे. अनेक वर्षे अशा जमिनींचे दावे लढविलेला माणूस त्याच टेकड्यांवर पायी भटकतो आणि वहिवाट ही केवळ कागदोपत्री बाब नसून चालण्याची, ओळखीची, ऋतूंची बाब आहे, हे दाखवून देतो.

हिब्रू साहित्यानेही या वाचनाला सामोरे जाण्याचे टाळलेले नाही. आमोस ओझ यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या देशभ्रमंतीच्या पुस्तकात ओफ्रातील रहिवाशांशी वाद घातला. डेव्हिड ग्रॉसमन यांनी 'द यलो विंड' या इंग्रजी नावाने गाजलेल्या १९८७ च्या पुस्तकात तेथील लोकांना शेजारच्या अरबाच्या जागी स्वतःला कल्पून पाहावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांना ते जमले नाही. कल्पनाशक्तीची ही मर्यादा बुद्धीची वा सौजन्याची उणीव नाही. आपले स्थान संहितेने आधीच लिहून ठेवलेले आहे, असे मानणाऱ्याला दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची मोकळीक राहत नाही. अस्साफ गॅव्ह्रोन यांच्या 'द हिलटॉप' या इंग्रजी नावाने परिचित झालेल्या कादंबरीत (२०१३) एक वस्ती कोणाच्याही स्पष्ट निर्णयाविना, कागदांच्या गोंधळातून आपोआप वाढत जाते. तेथे ईश्वरी योजनेची जागा कारकुनी योगायोगाने घेतली आहे.

२००५ मध्ये इस्रायलने गाझापट्टीतील सर्व २१ वसाहती रिकाम्या केल्या आणि आठ हजारांहून अधिक रहिवाशांना हलविले. तेव्हा या विचारसरणीसमोर तिच्याच पोटातील पेच उभा राहिला. कूक परंपरेने भूमी आणि राज्य या दोहोंना पवित्र मानले होते. राज्यानेच भूमी सोडण्याचा आदेश दिल्यावर कोणते पावित्र्य श्रेष्ठ? संहितेत भूमीबद्दल पुष्कळ आहे. संसदीय राज्याबद्दल काहीच नाही.

५

मराठीत इस्रायलविषयी जे लिहिले गेले, त्यात ना. ह. पालकर यांच्या 'इस्रायल : छळाकडून बळाकडे' या पुस्तकाचा उल्लेख करावा लागतो. संघपरिवारात त्याचा मोठा वाचकवर्ग होता. त्याचे शीर्षकच एक कथनव्यूह आहे. कथा छळापासून निघते आणि बळाशी संपते. नायक एकच राहतो. बदलते ती त्याची अवस्था. ज्याने छळले तो युरोपात आहे. ज्या भूमीवर बळ प्रकटले तेथे दुसरे कोणी राहत होते की काय, हा प्रश्न या दोन पदांच्या मधल्या अंतरात मावत नाही. शीर्षकातील छळ ऐतिहासिक सत्य आहे आणि त्याची तीव्रता कमी लेखण्याचे कारण नाही. पण 'कडून–कडे' या प्रत्ययांनी जी सरळ रेषा आखली जाते, तिच्यावर तिसऱ्या पात्राला जागा उरत नाही. मराठी वाचकाने इस्रायल बहुधा या रेषेवरून वाचला.

मराठीतच या रेषेहून वेगळे एक वाचन दीर्घकाळ अस्तित्वात होते. ते बेने इस्रायलांचे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. रायगड जिल्ह्याच्या गावागावांत तेलाचा घाणा चालवून आणि शनिवारी तो बंद ठेवून ते 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. किहीमकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह छापली गेली. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल कीर्तनाची प्रथा सुरू झाली. अब्राहम, मोशे यांची चरित्रे पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी यांच्या घाटात सांगितली जाऊ लागली.

या परंपरेत निर्गमाची कथा होती, वचनदत्त भूमी होती, पुढचा सण यरुशलेमात घडो ही प्रार्थनाही होती. ती कथा सक्रिय होती. पण तिचे रूपांतर मालकीहक्काच्या कागदात झाले नव्हते. अब्राहमचे चरित्र कीर्तनात येते, तेव्हा त्याचे फल श्रोत्याच्या भक्तीत असते. हेब्रोनच्या एखाद्या सर्व्हे नंबरात नसते. मीमांसेच्या भाषेत, आख्यान येथे अर्थवादाच्या जागी राहिले आणि विधी नित्यकर्मांपुरता : शब्बाथ, सुंता, उपवास.

याहून अधिक महत्त्वाची आहे ती मलिदेची प्रथा. शुभकार्यात व नवसपूर्तीला एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ वा साखर आणि फळे यांचे ताट मांडले जाते. अलिबागजवळील खंडाळा येथे एलियाहू अवतरला आणि त्याच्या घोड्याच्या टापांची खूण खडकावर राहिली, अशी श्रद्धा आहे. शेवात महिन्यात तेथे उरूस भरतो. पॅलेस्टाइनचा संदेष्टा कोकणातल्या खडकावर उतरतो, ही कल्पना विलक्षण आहे. तिने कोकण पवित्र केले, पण त्या पावित्र्याचा दाखला देऊन खंडाळ्याच्या कोणा शेतकऱ्याला उठविले नाही. येथे पावित्र्य आणि मालकी यांची गाठ सुटलेली आहे. निवासभूमी हीच एका अर्थाने पुण्यभू होते आणि दूरची पुण्यभूही नाहीशी होत नाही. १९२३ च्या प्रमेयाने ज्या दोन निष्ठांत स्पर्धा कल्पिली, त्या येथे एका ताटात जेवतात.

या चित्राला गोजिरवाणे करण्याचा मोह मात्र टाळावयास हवा. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. बीरशेबा, दिमोना, लोद, रामले, अश्दोद येथे ते वसले. ही गावे १९६७ च्या सीमारेषेच्या आत असली, तरी बीरशेबा, लोद आणि रामले १९४८ पर्यंत अरब वस्तीची होती. हे स्थलांतरित कोणाच्या तरी रिकाम्या केलेल्या वहिवाटीवरच आले, हे नाकारता येत नाही. फरक इतकाच की शासनाने नेमून दिलेल्या जागी ते गेले; त्या जागेचा अर्थ त्यांनी संहितेतून काढला नाही.

त्यांच्याबाबतीत संहितेचा कागद उलट त्यांच्याच विरुद्ध वापरला गेला. १९६१–६२ मध्ये मुख्य रब्बी संस्थेने अन्य ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले. त्याविरुद्ध दीर्घ आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर केले. यातील तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. भूमीचा हक्क वंशाकडून येतो असे एकदा मानले की वारस कोण, हा प्रश्न अटळ होतो. संहिता खरेदीखत झाली की वारसदाखला मागितला जातोच. अल्जीरिया, युरोप, कोकण येथून आलेल्यांपैकी कोणाचा दाखला तपासावयाचा, हे पुन्हा सत्तेच्या हाती राहते.

६

अमेरिकी विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी 'एक्सोडस अँड रेव्होल्यूशन' (१९८५) या ग्रंथात निर्गमाची कथा ही पाश्चात्त्य मुक्तिविचाराची आदिसंहिता असल्याचे प्रतिपादन केले. गुलामी, वाळवंट, करार, नवी भूमी ही तिची पायरीपायरीची रचना अनेक शोषितांनी आपलीशी केली. १९८६ मध्ये एडवर्ड सैद यांनी त्याला उत्तर देताना ही कथा कनानी माणसाच्या बाजूने वाचून दाखविली. मुक्त झालेले लोक ज्या भूमीवर पोहोचले तेथील रहिवाशांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. वॉल्झरांचे वाचन प्रवासावर थांबते; सैद मुक्कामापासून सुरुवात करतात. या वादात एकाला सर्वस्वी चूक ठरविणे शक्य नाही. निर्गमाच्या कथेत या दोन्ही बाजू आहेत आणि तिचा कोणता भाग विधी म्हणून घ्यावयाचा, हे वाचकाने ठरवावयाचे असते.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे घडले, ते या वादाच्या संदर्भात आठवणे अप्रस्तुत ठरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेही एक निर्गमन होते. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरची निवड का केली, हे सांगताना प्राचीन नागांचा इतिहास पुढे केला. म्हणजे प्राचीनतेचा आधार आंबेडकरांनीही घेतला होता. म्हणून पुरातनाचा आधार घेणे हेच दोषास्पद आहे, असे म्हणता येत नाही. पाहावयाचे असते ते हे की, त्या आधारावर काय मागितले जाते. नागांच्या इतिहासाने लोकांना या मैदानावर येण्याचे आवाहन केले. तेथे ज्या नव्या ओळखीचा स्वीकार झाला, तिच्यात वंशाचा दाखला लागत नव्हता; शपथ घेणे पुरेसे होते. 'दीक्षाभूमी' या शब्दातील भूमी कृतीने पवित्र झाली. पितृभू आणि पुण्यभू यांच्या शेजारी हे तिसरे पद नागपूरनेच मराठीला दिले.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. बेने इस्रायलांना भारतात छळ सोसावा लागला नाही. म्हणून पुण्यभू प्रार्थनेपुरती ठेवणे त्यांना परवडले. युरोपातील ज्यूंना ती चैन नव्हती. हा आक्षेप वजनदार आहे. साठ लाखांच्या संहारानंतर केवळ आकांक्षेवर जगावे, असे कोणीही कोणाला सांगू शकत नाही. परंतु हा युक्तिवाद आश्रयाचा आहे. तो सुरक्षित राज्याची गरज सिद्ध करतो. हेब्रोनच्या वस्तीची अथवा नाब्लुसजवळच्या डोंगरमाथ्याची करीत नाही. एलोन मोरेच्या रहिवाशांनी स्वतःच न्यायालयात सुरक्षेचे कारण नाकारले होते. त्यांचा दावा त्यांच्याच शब्दांवर तपासावा लागतो आणि तेथे तो वाचनाचा दावा ठरतो.

वाचनाचा दावा म्हणूनच समीक्षेच्या कक्षेत येतो. एखाद्या संहितेने शतकानुशतके एका समाजाला जगविले, तिच्यावरील त्या समाजाची श्रद्धा आदरणीयच आहे. समीक्षेला विचारावयाचे असते ते एवढेच की, आख्यानाला आज्ञेचे आणि आज्ञेला मालकीपत्राचे रूप देताना वाचकाने काय वगळले. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायातील वृद्ध अब्राहम वचन बाजूला ठेवून चांदी तोलतो. संहितेतला हा भाग वगळला की एफ्रोनचे शेत राहते, एफ्रोन राहत नाही. पितृभू आणि पुण्यभू ही पदे वापरणाऱ्या मराठी विचारापुढेही हाच प्रश्न आहे, कारण भूमीविषयीचे जे प्रमेय पॅलेस्टाइनसाठी आनंददायक मानले गेले ते घरच्या भूमीसाठीच रचलेले होते. त्या जोडीत वहिवाटीला स्थान मिळेपर्यंत हे प्रमेय अपूर्ण राहील. बेने इस्रायलांच्या मलिद्याने आणि खंडाळ्याच्या खडकाने त्या स्थानाची जाणीव मराठीत फार पूर्वीच करून दिलेली आहे. तिची दखल घेणे एवढेच बाकी आहे.